पॉटवर कोण बसणार?

मित्रांनो, मी हाताने फिरवायचा एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे आणि मी आजवर एकही हिवाळा पाहिलेला नाही. तुम्हाला हसू येईल, पण खरं सांगतो. उन्हाळा संपला की मला धुऊन, पुसून, वाळवून माळ्यावर चढवतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खाली आणत नाहीत. माळ्यावर माझ्या शेजारी एक जाडजूड रजई असते. मी वर गेलो की काही दिवसांनी ती खाली जाते, आणि ती वर आली की काही दिवसांनी मी खाली येतो. मधल्या काळात आमच्या गप्पा होतात. ती म्हणते, बाहेर इतका गारठा पडतो की माणसं तिला गळ्यापर्यंत ओढून घेतात. मी म्हणतो, बाहेर इतकं उकडतं की माणसं बर्फाच्या लादीला गाल लावतात. आम्ही दोघंही एकमेकांना थापाडे समजतो, तरी आमचं बरं चाललं आहे.

यामुळे होतं काय, की घरातली माणसं मला फक्त उन्हाळ्यात भेटतात. दर वेळी खाली यावं तर कुणाला मिशी फुटलेली, कुणाचे पुढचे दात पडलेले, कुणाचा चष्मा जाड झालेला. मधे काय घडलं ते मला कुणीच सांगत नाही. मग मी अंदाज बांधत बसतो. चौकस म्हणा, भोचक म्हणा, माझा स्वभावच तसा होऊन बसला आहे.

माझा जन्म पिंपं बनवणाऱ्या एका सुताराकडे झाला. त्याने लाकडाच्या अरुंद फळ्या उभ्या जोडल्या, वरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि माझी बादली तयार केली. एकही खिळा मारला नाही. आतला उंच डबा पत्र्याचं काम करणाऱ्याने घडवला, डब्यात फिरणारा लाकडी पंखा पुन्हा सुतारानेच केला, आणि वरची दातेरी चाकं नि दांडा एका कारखान्यातून आला. सगळं जुळवून सुताराने माझ्यात पाणी ओतलं, तर मी सगळीकडून गळायला लागलो. मला वाटलं, झालं, जन्मालाच खोट. सुतार मात्र विडी पेटवत म्हणाला, "पिऊ दे त्याला पोटभर." दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, एकमेकींना घट्ट चिकटल्या आणि गळती थांबली. तेव्हापासून कामाला लागण्याआधी मला एक दिवस भिजत ठेवावं लागतं.

मला विकत घेतलं ते एका टेलरमास्तरांनी. खरं तर ते बाजारात गेले होते गिऱ्हाइकांना बसायला खुर्ची आणायला. खुर्चीऐवजी मला खांद्यावर घेऊन घरी आले. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं अजूनही उभीच असतात.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मधे कापड कापायचं मोठं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट शिवलेले सदरे, आणि कोपऱ्यातून वर गच्चीवर जाणारा जिना. उन्हाळ्यात हे घर गच्चीवरच राहायला जातं. संध्याकाळी तापलेल्या फरशीवर बादल्या बादल्या पाणी ओततात, मग चटया पसरतात. दोरीवरच्या चादरींचे पोरं तंबू करतात. मास्तरांची धाकटी बहीण, जिला लहानथोर सगळे आत्याच म्हणतात, ती दर उन्हाळ्यात सामानाचा डोंगर घेऊन येते. ती पत्त्यांत फसवते, आणि तिला पकडल्याशिवाय डाव संपला असं कुणी मानत नाही. एखाद्या वर्षी यातलं काही राहून गेलं तर मोठी माणसंसुद्धा काहीतरी हरवल्यासारखी चुकचुकतात. हे सगळं असंच करायचं हे यांना कुणी सांगितलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अजून उत्तर सापडलेलं नाही.

या सगळ्यात माझा मान मोठा. आत्या आली की पहिल्या सुट्टीच्या दिवशी माझी पाळी. सकाळी बर्फवाला भुशात गुंडाळलेली लादी आणतो. ती गोणपाटात घालून धोपटण्याने फोडायची, मग डब्याभोवती बर्फाचा थर, त्यावर जाडं मीठ, पुन्हा बर्फ, असं गळ्यापर्यंत भरायचं. डब्यात थंड केलेलं दूध, साखर आणि फळांचा गर. आणि मग दांडा फिरवायचा.

दांडा फिरवायची या घरची एक रीत आहे. सुरुवातीला दूध पातळ असतं, दांडा हलका चालतो, म्हणून पहिला हात सगळ्यांत लहानाचा. दम लागेपर्यंत फिरवायचं आणि पुढच्याला द्यायचं. आइस्क्रीम घट्ट होत जातं तसतसा दांडा जड होतो आणि हातही मोठे होत जातात. पोरं दर वर्षी रांगेत एक जागा मागे सरकायला धडपडतात. रांगेत पुढे जायला न मागणारी पोरं मी या घरातच पाहिली. शेवटचा हात मास्तरांचा. तेव्हा दांडा इतका जड झालेला असतो की मी जागच्या जागी उड्या मारतो. म्हणून माझ्यावर गोणपाटाची घडी टाकून एकाला वजन म्हणून बसवतात. शेवटचा हात सुरू झाला की सगळे गप्प होतात आणि मास्तरांच्या हाताकडे बघत राहतात. मास्तर अचानक थांबून म्हणतात, "झालं." ते म्हणेपर्यंत झाकण उघडायचं नाही. आणि आतला पंखा, सगळीकडून आइस्क्रीमने लडबडलेला, मिळतो तो वर बसणाऱ्याला. बूड गार पडल्याची ती भरपाई.

माझ्या वाट्याला वाईट दिवसही आले, मित्रांनो. घरात फ्रीज आला. कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान निघालं, तिथे काचेमागे नाना रंगांचे डबे. एका उन्हाळ्यात कामाची घाई होती, म्हणून मला माळ्यावरून उतरवलंच नाही. तो उन्हाळा रजई नि मी दोघांनी एकत्र काढला. उकाड्यात तिची फार चिडचिड होते. माझ्या फळ्या वाळून तडतडायला लागल्या, एक पट्टी सैल होऊन खाली घसरली. आपण गळून पडणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही असं वाटून मी खरोखर रडवेला झालो होतो. पुढच्या वर्षी आत्याने दारातूनच विचारलं, "गेल्या वर्षी कुणी मला दुकानातलं खाऊ घातलं? मी एवढ्या लांबून काय तुमची तोंडं बघायला येते?" त्याच दिवशी मी खाली आलो. मास्तरांनी पट्टी ठोकून बसवली आणि माझ्या पोटावर थोपटलं. तेव्हापासून मी कधी चुकलो नाही.

आता या उन्हाळ्याची गोष्ट सांगतो.

मला उतरवलं आत्याच्या नातवाने. त्याला लंबू म्हणतात, कारण माळ्यावरची वस्तू काढायला त्याला स्टूल लागत नाही. मला पुढच्या खोलीत ठेवून माझ्यात पाणी भरलं. लगेच मास्तरांची नात धावत आली. सदऱ्याच्या गुंडीएवढी होती तेव्हापासून तिचं नाव गुंडी. गेली काही वर्षं माझ्यावर वजन म्हणून तीच बसते. पण यंदा ती माझ्याशेजारी उभी राहिली, तिने दांडा हातात धरून पाहिला आणि जाहीर केलं, "यंदा मी बसणार नाही. यंदा माझा हात." तिचे वडील, म्हणजे मास्तरांचा मुलगा, म्हणाले, "घे बाई." मग वर बसणार कोण, याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

मी नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे निरखून बघितलं. मास्तरांत काहीतरी वेगळं होतं. सुईत दोरा गुंडी ओवून देत होती. नजर गेली म्हणायचं तर वर्तमानपत्र ते बिनचष्म्याचं वाचत होते. शाळेचे गणवेश शिवायचे दिवस तोंडावर आलेले, कापडाचे गठ्ठे टेबलावर पडलेले, आणि कात्री खिळ्याला तशीच टांगलेली. सून दोनदा म्हणाली, "बाबा, कापायला घ्यायचं ना?" दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "घेऊ की, घाई काय आहे." घाई होती हे मलासुद्धा कळत होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे जिथे जागा मिळाली तिथे लवंडले. घर घोरायला लागलं. तेव्हा मास्तर उठले, दबक्या पावलांनी माझ्याजवळ आले आणि उकिडवे बसले. मला वाटलं, गळतोय का ते बघायला आले. त्यांनी दांडा धरला. मित्रांनो, इतक्या वर्षांत तो हात मी ओळखत नव्हतो असं कधी झालं नव्हतं. या वेळी दांडा खाचेत खुळखुळ वाजायला लागला. त्यांनी तो आणखी घट्ट आवळला, तशी खुळखुळ वाढली. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून पाहिलं. मग सोडून दिलं. नंतर खिशातून छोटा पेचकस काढून दांड्याचा स्क्रू सैल केला, दांडा काढला आणि मशीनच्या खणात फितीखाली ठेवून खण लावला.

मला काही समजेना. माझं काय चुकलं, मी गंजलो का, हेच मी संध्याकाळभर घोळवत बसलो.

दुसऱ्या दिवशी बर्फ आला. लंबूने तो गच्चीवर नेऊन फोडला, सुनेने थंड दुधाचं पातेलं काढलं, आणि मला उचलायला आले तर दांडा नाही. मग जी काही शोधाशोध झाली. पलंगाखाली, माळ्यावर, भांड्यांच्या मांडणीत. आत्या म्हणाली, "या घरात हत्ती बांधला तरी संध्याकाळी सापडायचा नाही." मुलगा म्हणाला, "काल तर होता, मी स्वतः बघितला." लंबूने पक्कड आणून चाकाचा आस फिरवायचा प्रयत्न केला, तर पक्कड निसटून त्याचंच बोट चेंगरलं. वर बर्फ वितळत होता आणि खाली जो तो दुसऱ्यावर खापर फोडत होता.

मास्तर टेबलाशी बसून होते, दोन्ही हात कापडाच्या गठ्ठ्यावर दाबून. ते म्हणाले, "राहू दे रे. यंदा दुकानातलं आणा."

दुकानातलं आणा हे वाक्य या माणसाच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. आत्या भावाकडे बघत राहिली. "बर्फावर पोती तरी टाकू," म्हणत ती सगळ्यांना घेऊन गच्चीवर गेली.

गुंडी गेली नाही. ती रुसली की मशीनखाली जाऊन बसते आणि कापडावर खुणा करायच्या खडूने फरशीवर रेघोट्या मारते. खडू खणात असतो. तिने बसल्या जागेवरून हात वर करून खण ओढला, आत चाचपडली, आणि तिच्या हाताला खडूच्या आधी दांडा लागला.

तिने तो बाहेर काढून मांडीवर घेतला. ओरडली नाही, हे तिचं विशेष.

"आजोबा, दांडा तुमच्या खणात आहे."

"असेल."

"कुणी ठेवला?"

"मी."

"का?"

मित्रांनो, हाच प्रश्न मी कालपासून कुणाला विचारू शकत नव्हतो. मी कान टवकारले म्हणालो असतो, पण मला कान नाहीत.

मास्तरांनी उजवा हात गठ्ठ्यावरून उचलून तिच्यासमोर धरला. तो थरथरत होता. आपला आपण थरथरत होता, जणू मास्तरांचा नव्हेच. गुंडी मशीनखालून बाहेर आली आणि अगदी जवळ जाऊन बघू लागली.

"दुखतं?"

"नाही."

"थांबवता येत नाही?"

"नाही गं."

"मग लपवायचं कशाला?"

"शिंप्याचा हात आहे," मास्तर म्हणाले. "कात्री धरायचा. शेवटचा हात घेतला की सगळे बघत बसतात ना, तुला माहितीये. एकदा का त्यांनी हे बघितलं, की माझ्या हातात पुन्हा कुणी काही देणार नाही. बसा म्हणतील. आराम करा म्हणतील."

मला फार वाईट वाटलं. दांडा नसलेला पॉट कसा असतो ते कालपासून मीही अनुभवत होतो.

गुंडीने विचार केला. ती दयाळू वगैरे झाली असं मी म्हणणार नाही. तिला दांडा फिरवायचा होता आणि तिचं सगळं लक्ष तिथेच होतं. "पण आजोबा, यंदा माझा हात आहे," ती म्हणाली. "मी फिरवायला लागले तर वर बसणार कोण? लंबूदादा बसला तर त्याचे पाय मधे येतात. आत्या बसली तर पॉट राहील का?" मास्तरांच्या मिशीखाली हसू आलं. "तुम्ही बसा ना. बसायला हात लागत नाही."

मास्तर तिच्याकडे वळले.

"आणि झालं कधी ते कोण सांगणार?"

"तुम्हीच. वर बसलं ना, की खालून सगळं कळतं. आधी गुदगुल्या होतात, मग धक्के बसतात, मग नुसतं घूं होतं. घूं झालं की तुम्ही लगेच म्हणता झालं. मला दर वर्षी तुमच्या आधी कळतं, मी फक्त बोलत नाही."

हे मात्र मला नवीन होतं. माझ्या आतलं मला कळतं आणि मास्तरांना कळतं, एवढंच मी धरून चाललो होतो.

ती दांडा घेऊन जिन्याने पळाली. वरून "सापडला" अशी हाक आली, "कुठे होता?" असं कुणीतरी विचारलं आणि "खणात," असं तिने सांगितलं. पुढे कुणी काही विचारलं नाही. लंबू येऊन मला वर घेऊन गेला, आणि मागून, कठडा धरत, मास्तर आले.

बर्फ थोडा गेला होता, पण काम भागण्याइतका होता. मला भरलं, स्क्रू पिळला, वर गोणपाटाची घडी टाकली. तेवढ्यात मास्तर पुढे झाले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर जाऊन बसले. मुलगा म्हणाला, "बाबा, हे काय?" मास्तर म्हणाले, "गुंडी रिटायर झाली. तिच्या जागी मी लागलोय."

सगळे हसले. गुंडीने पहिला हात घेतला, जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी. मग लंबू, मग सून, मग मुलगा. दांडा जड होत गेला. शेवटचा हात आला तशी सगळ्यांची नजर सवयीने मास्तरांकडे वळली. मास्तरांनी बहिणीकडे बघितलं. "ये, घे. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत शेवटचा हात मागतेस."

आत्याने पदर खोचला. ती अशी फिरवायला लागली की मी उधळलो. आणि तेव्हा मला कळलं, मित्रांनो, की मास्तर किती हलके झाले आहेत. मी त्यांना घेऊन उड्या मारत होतो. गेल्या वर्षीची गुंडीसुद्धा मला याहून जड लागली होती. या माणसाला मी त्याच्या हाताच्या जोरावरून ओळखत आलो होतो, त्यामुळे बाकीचं अंग वाळत चाललं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मास्तर एका बाजूला कलंडायला लागले. गुंडी धावली, त्यांच्या मांडीवर चढून बसली, आणि त्या दोघांचं मिळून पुरेसं वजन झालं. तोल सावरायला मास्तरांनी तिच्या पोटाभोवती दोन्ही हात घातले. उजवा हात सगळ्यांना दिसत होता. थरथरत होता.

दांडा घूं करायला लागला. गुंडीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं, पण तोंड घट्ट मिटून ठेवलं.

"झालं," मास्तर म्हणाले.

आत्या थांबली. धापा टाकत तिने तो हात बघितला, मुलाने बघितला, सुनेने बघितला. झाकण उघडायला कुणी पुढे येईना. अखेर मुलाने विचारलं, "बाबा, कधीपासून?"

"थंडीपासून."

थंडीपासून. म्हणजे रजई सांगत होती ते खरंच होतं. मी माळ्यावर झोपा काढत असताना खाली एक अख्खा ऋतू येऊन जात होता आणि त्यात माणसांना काय काय होत होतं. मला रजईची क्षमा मागावीशी वाटली.

"सांगितलं का नाहीत?" मुलगा म्हणाला.

"कुणी विचारलं?" मास्तरांनी शांतपणे म्हटलं. त्यात राग नव्हता.

सून म्हणाली, "बाबा, उद्या गणवेश कापायला घेऊ. कात्री मी धरते. पण खुणा कुठे करायच्या ते तुम्ही उभं राहून सांगायचं. मला खांद्याचा घेर अजून जमत नाही, तुम्हाला माहितीये." ती त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत नव्हती. तिने शिवलेले खांदे खरंच उसवावे लागतात, ते मी कोपऱ्यात बसून पाहिलं आहे.

"सात वाजता ये," मास्तर म्हणाले. "उशीर नको."

मग झाकण निघालं. पंखा रीतीप्रमाणे वर बसणाऱ्याचा, म्हणून मास्तरांना मिळाला. त्यांच्या हातात तो थरथरत होता आणि थेंब इकडेतिकडे उडत होते. गुंडी खाली ओंजळ धरून उभी राहिली आणि एकही थेंब तिने वाया जाऊ दिला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू निगुतीने ठेवा, मला भिजवल्याशिवाय वापरू नका, वापरल्यावर मिठाचं पाणी पट्ट्यांवर राहू देऊ नका, हे सगळं मी तुम्हाला सांगणार होतो आणि ते सांगून थांबणार होतो. पण आता मला दुसरंच मागायचं आहे. त्या दिवशी दांडा घरातल्या सगळ्यांनी शोधला, आणि का लपवला हे एकीनेच विचारलं. तुमच्या घरी कुणी नेहमीचं काही करेनासं झालं, कुणी उगाच राहू दे म्हणालं, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. मी एवढा चौकस, कुणाला मिशी कधी फुटली, कुणाचे दात कसे पडले याचे अंदाज बांधत राहिलो. पण ज्यांनी मला खांद्यावर बसवून घरी आणलं, त्यांना स्वतःला कसं वाटतं आहे हे मी मनातसुद्धा कधी विचारलं नव्हतं. ते माझ्यावर येऊन बसले तेव्हा ते मला कळलं.